विश्लेषण : कालव्यावरचे कुजके पूल बदलायचे कसे? लोखंडी पुलांचे गणित मांडणारे स्क्वायर व्हिपल कोण होते?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यापुढे १८४० च्या सुमारास एक रुक्ष पण खिसा कापणारा प्रश्न होता. एरी कालव्यावरचे शेकडो लाकडी पूल जुने झाले होते. काही कुजले होते, काही नव्या रुंद कालव्याला अपुरे पडणार होते. ते बदलायचे हे ठरले होते, पण त्यांच्या जागी कोणता पूल बसवायचा, हे ठरत नव्हते. या प्रश्नाचे उत्तर स्क्वायर व्हिपल नावाच्या एका अभियंत्याने दिले. त्यांनी ना एखादी महानदी ओलांडली, ना एखाद्या शहराची ओळख ठरेल असा पूल बांधला. तरी अमेरिकेतील लोखंडी पुलांचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. असे का?

एरी कालव्यावर इतके पूल का लागले?

हडसन नदीवरील अल्बानी आणि ईरी सरोवरावरील बफेलो यांना जोडणाऱ्या या कालव्याचे काम ४ जुलै १८१७ रोजी सुरू झाले आणि १८२५ मध्ये तो पूर्ण झाला. लांबी ३६३ मैल, म्हणजे सुमारे ५८४ किलोमीटर. पाण्याची रुंदी वरच्या बाजूला ४० फूट, खोली अवघी चार फूट. काठावरच्या वाटेने खेचरे किंवा घोडे चालत आणि दोराने नाव ओढत.

कालवा ओसाड जमिनीतून गेला नव्हता. त्याने शेते, वस्त्या, रस्ते मधोमध कापले. एखाद्याचे घर या काठाला आणि गुरांचे कुरण त्या काठाला राहिले. जमीन तोडली ती सरकारने, तेव्हा ती पुन्हा जोडून देण्याची जबाबदारीही सरकारवर आली. म्हणून कालव्यावर तीनशेहून अधिक पूल उभे राहिले. त्यातले कित्येक तर एका शेतकऱ्याच्या बैलगाडीपुरतेच होते.

लाकडी पुलांचे दुखणे काय होते?

लाकूड तिथे मुबलक होते आणि सुतारही होते. त्यामुळे पहिले पूल लाकडाचे झाले, यात नवल नाही. पण खाली सतत पाणी, वरून पाऊस आणि बर्फ. सांध्यांत ओल साचून लाकूड आतून कुजे. वरून धडधाकट दिसणारी तुळई कधी दगा देईल, याचा नेम नसे. काही वर्षांतच फळ्या, मग तुळया आणि शेवटी आख्खा पूल बदलावा लागे. एका पुलाचा खर्च फार नव्हता, पण शेकडो पुलांचा हा खर्च पुन्हा पुन्हा येत राहिला.

दुसरी अडचण उंचीची होती. खर्च वाचवण्यासाठी पूल बुटके बांधले गेले होते. नावेच्या टपावर बसलेल्या प्रवाशांना पूल आला की वाकावे, प्रसंगी आडवेच व्हावे लागे.

तिसरे कारण सर्वांत मोठे ठरले. कालव्याला इतकी गर्दी झाली, की राज्याने १८३५ मध्ये त्याच्या विस्ताराला मंजुरी दिली. रुंदी ४० वरून ७० फूट, खोली चारवरून सात फूट होणार होती. म्हणजे धडधाकट असलेला जुना पूलही आता तोकडा पडणार होता. कालवा रुंद होईल तिथे नवा पूल लागणारच होता. एकाच वेळी, एकाच मालकाला, जवळपास सारख्याच मापाचे शेकडो पूल हवे होते. असा प्रसंग पूल बांधणाऱ्यांपुढे क्वचितच येतो.

स्क्वायर व्हिपल कोण होते?

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील हार्डविक या गावी झाला. स्क्वायर ही पदवी नव्हे, ते त्यांचे नावच. वडील शेतकरी होते आणि काही वर्षे त्यांनी सूतगिरणीही चालवली. त्यामुळे चाके, पट्टे आणि लोखंडी भाग मुलाच्या डोळ्यांसमोर होते. १८१७ मध्ये, म्हणजे कालव्याची पहिली कुदळ पडली त्याच वर्षी, कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील ओत्सिगो परगण्यात स्थलांतरित झाले.

व्हिपल यांनी काही काळ शाळेत शिकवले, मिळेल तसे शिक्षण घेतले आणि १८३० मध्ये स्कनेक्टडीच्या युनियन कॉलेजातून पदवी मिळवली. त्यानंतरची वाट त्या काळच्या कोणत्याही होतकरू अभियंत्याची होती. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या मोजणीत ते सर्वांत खालच्या पायरीवर कामाला लागले. पुढे एरी कालव्याच्या विस्ताराच्या कामावर आणि न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेवर त्यांनी नोकरी केली.

ही कामे कायमची नव्हती. मोजणी संपली की नोकरी संपे. अशा रिकाम्या काळात व्हिपल मोजणीची उपकरणे स्वतः बनवून विकत. हाताने अचूक वस्तू घडवण्याची ही सवय पुढे उपयोगी पडली.

पुलांकडे वळण्यापूर्वी १८४० मध्ये त्यांनी कालव्यासाठी आणखी एक वस्तू तयार केली. ती म्हणजे नावा तोलण्याचा प्रचंड वजनकाटा. कालव्याचा पथकर मालाच्या वजनावर ठरे. त्यासाठी नाव एका हौदात घ्यायची, दारे बंद करून पाणी सोडून द्यायचे आणि खाली असलेल्या चौकटीवर नाव टेकली की तरफांच्या साखळीतून तिचे वजन वाचायचे. शेकडो मणांचा भार कोणत्या दांड्यातून कुठे जातो आणि किती होतो, याचा हिशेब या कामात चुकवून चालत नव्हते. पुलाचा प्रश्न हाताळतानाही त्यांनी हेच केले.

नव्या पुलासाठी पर्याय कोणते होते?

राज्यापुढे साधारण चार वाटा होत्या.

पहिली, पुन्हा लाकूडच वापरायचे. पहिला खर्च सर्वांत कमी, सुतार हाताशी. पण कुजण्याचे चक्र सुटत नव्हते आणि ७० फुटांच्या पाण्यावर, शिवाय काठावरच्या वाटेवरून जाणाऱ्या लांब गाळ्यासाठी लाकडाचे मोठे सांगाडे लागणार होते.

दुसरी, दगडी कमान. ती टिकाऊ खरी. पण कमान दोन्ही काठांना बाहेरच्या बाजूला रेटते. हा रेटा सोसायला भक्कम पाया आणि जाडजूड बांधकाम लागते. मऊ मातीच्या काठावर ते महागात पडते. शिवाय कमानीची उंची मधोमध असते, कडेला ती खाली उतरते. आणि कालव्यावर खेचरे चालतात ती कडेनेच.

तिसरी, लाकूड आणि लोखंड यांची जोडी. विल्यम हाऊ यांनी १८४० मध्ये अशाच रचनेचे पेटंट घेतले होते. तिरके दांडे लाकडी आणि उभ्या सळ्या लोखंडी. रेल्वेने ही रचना उचलून धरली. पण लाकूड होते तोवर कुजणेही होते.

चौथी, संपूर्ण लोखंडी पूल. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलजवळ १७७९ मध्येच बिडाची कमान उभी राहिली होती. एरी कालव्यावरही फ्रँकफर्ट येथे अर्ल ट्रम्बुल यांनी १८४० मध्ये लोखंडी सांगाड्याचा पूल उभारला होता. म्हणजे लोखंडाची कल्पना नवी नव्हती. पण लोखंड महाग होते. ते किती लागेल, कुठे लागेल, हे सांगणारे गणित मात्र कोणाकडे नव्हते. बांधणारे अनुभवाने आणि नजरेच्या अंदाजाने जाडी ठरवत.

व्हिपल यांची रचना वेगळी कशी?

ती समजून घेण्यासाठी धनुष्य आठवावे. धनुष्याचा दांडा वाकलेला असतो आणि त्याला सरळ व्हायचे असते. दोरी त्याची दोन्ही टोके धरून ठेवते. दांडा आणि दोरी यांचे भांडण धनुष्यातच मिटते. बाहेरून कोणी टोके धरून ठेवावी लागत नाहीत.

व्हिपल यांच्या पुलात वर बिडाची कमान होती आणि खाली घडीव लोखंडाची दोरी. पुलावर भार आला की कमान पसरू पाहते, पण खालची दोरी तिची टोके ओढून धरते. त्यामुळे काठावरच्या दगडी आधारांवर बाजूचा रेटा येत नाही. त्यांना फक्त सरळ खाली येणारे वजन पेलायचे असते. मऊ काठावर हलका पाया पुरतो, तो यामुळे.

कमान आणि दोरी यांच्यामध्ये उभ्या सळ्या होत्या आणि प्रत्येक घरात फुलीसारख्या तिरक्या सळ्या. गाडी पुलावरून पुढे सरकते तसा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. कमान एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूला फुगू पाहते. या फुल्या तिला तसे करू देत नाहीत.

खरी हुशारी धातू निवडण्यात होती. बीड दाब सोसायला उत्तम असते, पण ताणले की ठिसूळपणे तुटते. दाब सोसण्याची त्याची ताकद ताणाच्या कित्येक पट असते. घडीव लोखंड ताण चांगला सोसते आणि तुटण्यापूर्वी लांबते, पण ते महाग होते. व्हिपल यांनी दाब येईल तिथे बीड आणि ताण येईल तिथे घडीव लोखंड, अशी वाटणी केली. स्वस्त धातू जिथे चालतो तिथे तो, महाग धातू जिथे टाळताच येत नाही तिथेच तो. २४ एप्रिल १८४१ रोजी त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले आणि त्याच सुमारास युटिका येथे कालव्यावर त्यांचा सत्तरएक फुटांचा पहिला पूल उभा राहिला.

कालव्यासाठी ही रचना सोयीची का ठरली?

पहिले कारण उंची. भार पेलणारा सांगाडा रस्त्याच्या खाली नव्हता, दोन्ही बाजूंना वर होता. रस्त्याखाली फक्त आडव्या तुळया आणि फळ्या. त्यामुळे पाण्यावर जागा मोकळी राही आणि दोन्ही बाजूंचे चढ फार वाढवावे लागत नसत. भरलेल्या बैलगाडीला चढ किती, हा गावकऱ्यांच्या दृष्टीने लहान प्रश्न नव्हता.

दुसरे कारण सारखेपणा. कमानीचे तुकडे ओतशाळेत एकाच साच्यातून ओतता येत. एका पुलाचा तुकडा दुसऱ्याला बसे. हे तुकडे नावेतून थेट जागेवर नेता येत. कालव्यावरच्या पुलाचे सामान कालव्यातूनच आले. तिथे ते बोल्टने जोडायचे. कुशल कारागिरांचा ताफा नको आणि महिनोन् महिने वाहतूक अडवणेही नको.

तिसरे कारण दुरुस्ती. फळ्या लाकडी होत्या, त्या झिजत आणि बदलाव्या लागत. पण सांगाड्याला हात लावावा लागत नसे. पहिला खर्च लाकडापेक्षा जास्त होता. मात्र दर काही वर्षांनी नवा लाकडी पूल बांधण्याचा खर्च धरला, तर हिशेब लोखंडाच्या बाजूने झुकत होता. पुलाची किंमत उद्घाटनाच्या दिवशी मोजायची की त्याच्या आयुष्यभराची, हा मुद्दा व्हिपल यांनी आग्रहाने मांडला.

तरीही राज्याने लगेच होकार दिला असे नाही. कर्जाच्या ओझ्यामुळे १८४२ मध्ये कायदा करून कालव्याच्या विस्ताराचे काम थांबवण्यात आले. पुढची पाच वर्षे नवे काम जवळपास बंद होते. हाती पेटंट आहे, पण गिऱ्हाईकाकडे पैसा नाही, अशी व्हिपल यांची अवस्था झाली.

१८४७ चे पुस्तक एवढे महत्त्वाचे का?

याच काळात त्यांनी पूल बांधणीवर पुस्तक लिहिले आणि १८४७ मध्ये युटिका येथे प्रसिद्ध केले. पुलाच्या सांगाड्यातील प्रत्येक दांड्यावर किती जोर येतो, हे पद्धतशीरपणे काढून दाखवणारे ते पहिल्या पुस्तकांपैकी एक.

त्यांची पद्धत आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवली जाते. सांगाडा म्हणजे सांध्यांत जुळलेले सरळ दांडे. पूल स्थिर असेल, तर प्रत्येक सांध्यावरचे सगळे जोर एकमेकांना तोलून धरणारच. रस्सीखेचीत तिन्ही बाजूंनी दोर ओढले जात असताना मधली गाठ जागची हलत नाही, तसे. एका सांध्यापासून सुरुवात करायची, तिथले अज्ञात जोर काढायचे, मग शेजारच्या सांध्याकडे जायचे. असे करत सगळा पूल सोडवता येतो. हे आकडेमोडीने करता येते, तसेच कागदावर मापात रेषा काढूनही.

त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड होता. गाडी तर चालती असते. मग कोणत्या दांड्यावर सर्वांत जास्त जोर गाडी कुठे असताना येतो? व्हिपल यांनी प्रत्येक दांड्यासाठी भाराची सर्वांत वाईट जागा शोधली आणि त्या हिशेबाने त्याची जाडी ठरवली. जिथे जोर जास्त तिथे जाड, जिथे कमी तिथे बारीक. पूल हलका झाला, म्हणून स्वस्त झाला. आणि तो का टिकेल, हेही सांगता येऊ लागले.

त्याच वर्षी, २४ मे १८४७ रोजी, इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वे पूल गाडी जात असताना तुटला. पाच जणांचा जीव गेला. पूल रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यासारख्या नामवंत अभियंत्याचा होता. त्याच्या तुळया बिडाच्या होत्या आणि बीड ताण सोसत नाही, हाच त्यांचा दुबळेपणा होता. त्या काळी मोठमोठ्यांना चकवणारी गोष्ट युटिकातल्या या फारशा माहीत नसलेल्या माणसाने आपल्या रचनेतून आधीच टाळली होती.

पुस्तक मात्र लगेच गाजले नाही. ते गावातच छापलेले, लेखक कोणत्याही मोठ्या संस्थेत नाही. १८५१ मध्ये हर्मन हॉप्ट यांनी याच विषयावर स्वतंत्रपणे ग्रंथ लिहिला. व्हिपल यांनी काय साधले होते, हे व्यवसायातल्या बहुतेकांना उशिराच कळले.

लोखंडावरचा विश्वास का उडाला?

गणित पुस्तकात होते, पण बाजारात लोखंडी पूल विकणारे सगळेच ते वाचत नव्हते. नव्या धातूची हवा होती आणि नजरेच्या अंदाजाने बांधलेले लोखंडी पूलही उभे राहत होते. त्यातला दुसऱ्याच रचनेचा एक पूल न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेवर कोसळला, तेव्हा कंपनीने हात झटकले. १८५० च्या सुमारास तिने आपल्या मार्गावरचे लोखंडी पूल उतरवून पुन्हा लाकडी बसवले. सुक्याबरोबर ओले जळते, तसे व्हिपल यांचे चांगले पूलही त्यात गेले.

दोष लोखंडाचा नव्हता, हिशेब न करता ते वापरण्याचा होता. पण अपघातानंतर असा फरक करायला कोणाला वेळ नसतो. व्हिपल यांच्यासाठी हा पैशाचा आणि प्रतिष्ठेचाही फटका होता.

त्यांनी उत्तर दिले ते नव्या पुलाने. धनुष्याचा आकार रस्त्यांना पुरेसा होता. रेल्वेच्या जड गाड्यांसाठी आणि लांब गाळ्यांसाठी त्यांनी वरून सपाट, टोकांना तिरका असा सांगाडा तयार केला. त्यातल्या तिरक्या सळ्या एकाऐवजी दोन घरे ओलांडून जात. या रचनेचा सुमारे १४६ फुटांचा रेल्वे पूल त्यांनी १८५२-५३ मध्ये वॉटरव्लीटजवळ उभारला. तो तीसएक वर्षे गाड्यांचा भार वाहत राहिला. ही रचना पुढे व्हिपल ट्रस म्हणून ओळखली गेली. इतरांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि १८६४ मध्ये ओहायो नदीवर स्टूबेनव्हिल येथे ३२० फुटांच्या गाळ्यापर्यंत ती पोहोचली. अमेरिकी रेल्वे पश्चिमेकडे पसरली, तेव्हा अनेक नद्या तिने याच सांगाड्यावरून ओलांडल्या.

मोबदला मिळाला का?

फारसा नाही. विस्ताराचे काम पुन्हा सुरू झाले आणि १८६२ मध्ये पूर्ण झाले. दरम्यान व्हिपल यांची कमान हा कालव्यावरील रस्त्याच्या पुलाचा जवळपास ठरलेला नमुना झाला. पुढील काही दशकांत कालव्यावर आणि इतरत्र असे शेकडो पूल उभे राहिले. पण ते बांधणारे व्हिपल नव्हते.

रचना सोपी होती, तुकडे साच्यातले होते, म्हणजे नक्कल करणेही सोपे होते. कंत्राटदार निविदा भरत, पूल बांधत आणि पेटंटधारकाला त्याचा वाटा देण्याचे अनेकदा विसरत. प्रत्येकाच्या मागे कोर्टकचेरी करणे एकट्या माणसाला परवडणारे नव्हते. त्या काळी पेटंटची मुदत मुळात १४ वर्षांची. तीही कामाविना गेलेल्या वर्षांनी खाल्ली. ज्या गुणामुळे हा पूल सरकारला हवाहवासा वाटला, त्याच गुणाने त्याच्या निर्मात्याच्या हाती कमी लागले.

व्हिपल अल्बानीत राहून काम करत राहिले. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सने १८६८ मध्ये त्यांना मानद सदस्यत्व दिले. पुढे त्यांच्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि या वेळी तिला वाचकही मिळाले.

शहरातल्या पुलाचे काय?

एक प्रश्न अजून उरला होता. शेतात पूल उंच करायचा तर मातीचा भराव टाकून चढ करता येतो. भर बाजारपेठेत तो कसा करणार? दोन्ही बाजूंना दुकाने, त्यांची दारे रस्त्याच्या पातळीवर. आडवा फिरणारा पूल बसवावा, तर त्याला फिरायला काठावर जागा लागते.

सत्तरीला टेकलेल्या व्हिपल यांनी त्यावरही उत्तर काढले. त्यांनी १८७२ मध्ये उचलपुलाचे पेटंट घेतले आणि १८७४ च्या सुमारास युटिका शहरात कालव्यावर तो उभारला. त्यात वरचा सांगाडा जागच्या जागी राही आणि त्याला टांगलेला रस्ताच सरळ वर उचलला जाई. दुसऱ्या बाजूला तेवढेच वजन लटकवलेले असल्याने उचलायला जोर कमी लागे. विहिरीवरच्या रहाटाला उलट वजन बांधावे, तसा हा प्रकार. नाव गेली की रस्ता पुन्हा खाली. युटिकात ३३ वर्षांपूर्वी त्यांनी पहिला पूल बांधला होता, त्याच गावातल्या वेगळ्या जागेसाठी त्यांनी वेगळा पूल निवडला. आपलीच जुनी रचना सगळीकडे चालेल, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २९ डिसेंबर १८७६ च्या बर्फाळ रात्री, ओहायोतील अ‍ॅश्टाब्युला येथे रेल्वेचा लोखंडी पूल गाडीखाली कोसळला. नव्वदहून अधिक लोक मरण पावले. मूळ लाकूड आणि लोखंड यांच्या जोडीसाठी असलेली हाऊ यांची रचना तिथे पूर्णपणे लोखंडात उतरवली होती. पुलाची निवड, त्याचे गणित आणि त्याची तपासणी या गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडायच्या का, यावर त्यानंतर देशभर चर्चा झाली. व्हिपल यांनी तीस वर्षांपूर्वी जे कागदावर मांडले होते, त्याची किंमत अशी कळली.

आज काय उरले आहे?

स्क्वायर व्हिपल यांचे १५ मार्च १८८८ रोजी अल्बानी येथे निधन झाले. वय ८३ वर्षे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या एरी कालव्याऐवजी मोठ्या बोटींसाठी नवा जलमार्ग आला. शहरांतले जुने पात्र अनेक ठिकाणी बुजवून त्यावर रस्ते झाले.

पूल मात्र सगळे भंगारात गेले नाहीत. बोल्ट काढले की ते सुटे होत, गाडीवर लादता येत आणि दुसऱ्या ओढ्यावर पुन्हा जोडता येत. अल्बानीत नॉर्मन्सकिल भागात १८६७ मध्ये तयार झालेला असा एक पूल आजही उभा आहे. तो बांधला सिराक्यूजच्या सायमन डिग्राफ यांनी, रचना व्हिपल यांची. असे काही पूल न्यूयॉर्क राज्यात आता ऐतिहासिक वास्तू म्हणून जपले जातात.

जुने पूल बदलण्याची वेळ कोणत्याही देशावर, कोणत्याही पिढीवर येते. तेव्हा चर्चा बहुतेक वेळा किती कोटी लागतील आणि उद्घाटन कधी, इथेच थांबते. व्हिपल यांच्या कामातून पाच साधे प्रश्न मिळतात. खालची जमीन किती भार सोसेल? पुलाखालून काय जाणार आणि त्याला किती उंची हवी? निवडलेला धातू त्या जागी येणारा ताण किंवा दाब सोसणारा आहे का? प्रत्येक भागावरचा सर्वांत वाईट भार काढला आहे का? आणि पुढच्या पन्नास वर्षांची देखभाल धरून हा पूल स्वस्त आहे का?

यातला एकही प्रश्न भव्य नाही. पण ते विचारले गेले, म्हणून शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी बांधलेल्या छोट्या पुलातून पूल बांधणीचे शास्त्र उभे राहिले. जिथे विचारले गेले नाहीत, तिथे त्यांची उत्तरे अपघाताने दिली.